बिनखिडकीची खोली की खिडकीची? लातूरच्या एका कुटुंबाची क्रूझ आणि आठ हजारांचा निर्णय

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातलं पाच माणसांचं कुटुंब. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय ७१. माई ६६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलणाऱ्या. मुलगा लातूरच्या एका शिकवणी वर्गात हिशेब बघतो, सूनबाई बँकेत, नात चौथीत. गावाकडं आठ एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

अण्णा-माईंच्या लग्नाला ४५ वर्षं झाली, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, मुंबई ते लक्षद्वीप आणि परत अशी चार रात्रींची क्रूझ ठरली. माईंनी समुद्र त्याआधी एकदाच, गणपतीपुळ्याला पाहिलेला. आमच्या बुकिंग कार्यालयातून दोन खोल्या घेतल्या, दोन्ही बिनखिडकीच्या. खालचा मजला, जहाजाच्या मध्यावर, लिफ्टपासून थोड्याच पावलांवर. अण्णा-माईंच्या खोलीचे सगळं धरून ७६,००० रुपये. जेवण-नाश्ता त्यातच, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची सहल वेगळी. मुलगा, सून आणि नात दुसऱ्या खोलीत, नातीसाठी वरून खाली ओढायचा बंक.

इथवर कुणाची तक्रार नव्हती. अण्णा तर खूश होते, कारण सगळ्यात स्वस्त ते त्यांनी निवडलं होतं.

अडचण

निघायच्या तीनेक आठवडे आधी क्रूझ कंपनीकडून मुलाला फोन आला. दोन्ही खोल्या समुद्र दिसेल अशा करून देतो, मोठ्यांना माणशी ६,००० रुपये, मुलीचे ३,०००, कर वेगळा. दोन दिवसांत कळवा, नाही तर खोल्या जातील. म्हणजे एकूण २७,०००. मुलानं रात्रीच आम्हाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर कार्यालयात आलं.

अण्णांचं म्हणणं ठाम होतं. "झोपायलाच तर जायलोय की तिथं. डोळे मिटल्यावर खिडकी काय करायची?" सूनबाई म्हणाल्या, आयुष्यात एकदा जायलोत, मग कोंडून कशाला घ्यायचं? मुलगा तिसऱ्याच वाटेला: पैसे घालवायचेच तर धड बाल्कनी घेऊ. बाल्कनीचा फरक फक्त अण्णा-माईंच्या खोलीसाठी ५८,००० होता. अण्णांनी लगेच त्याचं सोयाबीन केलं. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, पण आडतीत त्यांना मिळाला होता ४,१०० च्या आसपास. त्या भावानं बाल्कनी म्हणजे चौदा क्विंटल आणि कंपनीची ऑफर म्हणजे साडेसहा. मुलगा गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे.

इथं एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. आमचं कमिशन टक्केवारीत असतं. महाग खोली विकली की आमचे चार पैसे वाढतात. त्यामुळे बुकिंगवाला "घ्या हो, एवढ्यात काय जातंय" म्हणाला, तर त्याचंही काहीतरी जातंय-येतंय हे गिऱ्हाइकानं ध्यानात ठेवावं.

"वरची" खोली म्हणजे नेमकी कुठली

पैशांवर बोलण्याआधी आम्ही कंपनीला तीन प्रश्न विचारले. कुठला मजला? खोलीचा नंबर काय? खिडकीसमोर काही येतं का? उत्तरं अशी आली: दोन मजले वर, पुढच्या बाजूला, नंबर जहाजावर चढताना मिळेल, काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असू शकते.

आपल्याकडं वरचा मजला म्हणजे भारी, हे फ्लॅट आणि लॉजमुळे डोक्यात बसलेलं असतं. समुद्रात ते उलटतं. लाटेवर जहाजाचं नाक वर-खाली होतं, त्यात पुढच्या आणि मागच्या टोकाला सगळ्यात जास्त हेलकावा बसतो, मध्यावर सगळ्यात कमी. जहाज डावी-उजवीकडं डोलतं तेव्हा जितकं वर, तितकं डोलणं जास्त जाणवतं. एसटीत मागच्या चाकामागची शेवटची सीट आणि दोन चाकांमधली सीट यात जो फरक, तोच इथं. माईंना बालाघाटाच्या वळणांवर उलटी होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी खोलीच्या चर्चेत ते कुणी आणलं नव्हतं.

दुसरं, पुढच्या टोकाच्या खोलीपासून लिफ्ट लांब. जहाजाची बोळ फार लांबलचक असते आणि माईंना दिवसातून चार-पाच वेळा ती चालावी लागली असती. म्हणजे कागदावर वरच्या दर्जाची असलेली खोली माईंच्या गुडघ्यांना आणि पोटाला आधीच्या स्वस्त खोलीपेक्षा वाईट ठरत होती. आणि खिडकीतून समुद्र दिसेल की होडीचं नारिंगी पोट, हे कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं.

तरीही ऑफर तिथंच फेकून द्यावी असं आम्हाला वाटलं नाही, कारण तोवर खिडकी हवी कशाला, हाच प्रश्न नीट सुटलेला नव्हता.

खिडकी कुणाला, कशासाठी

मुलाचं कारण सुंदर होतं. माई उगवत्या सूर्याला पाणी दिल्याशिवाय चहा घेत नाहीत, तर त्यांना खोलीतूनच सूर्य दिसावा. आम्ही नकाशा काढून बसलो. लक्षद्वीपमधलं आगत्ती मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, अंतर सुमारे ९०० किलोमीटर. जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पूर्व डाव्या हाताला. येताना तोंड उत्तरेला, म्हणजे पूर्व उजव्या हाताला. बेटांपाशी थांबलेलं जहाज वारा आणि प्रवाहाप्रमाणे तोंड फिरवतं, तिथं सूर्य कुठल्या बाजूला येईल याचा नेम नाही. डावीकडची खोली घेतली तर जातानाचा एक सूर्योदय हमखास, बेटाचा नशिबावर, परतीचा नाहीच. उघडा डेक मात्र सगळ्यांना फुकट आहे आणि तिथून चारही दिशा दिसतात. तेव्हा सूर्योदयासाठी खिडकी घेणं हिशेबात बसत नव्हतं. मुलगा थोडा नाराज झाला; त्याला ते कारण आवडलं होतं.

मग आम्ही सगळ्यांना एकच विचारलं: दिवसाउजेडी, जागेपणी, खोलीत किती वेळ असाल? मुलगा-सून-नात म्हणाले, अंघोळीपुरतं. अण्णा म्हणाले, दुपारी थोडा पेपर वाचीन. माई म्हणाल्या, दुपारी दोन-अडीच तास पाय वर करून पडल्याशिवाय संध्याकाळ निघत नाही.

अण्णांनी पुन्हा धोशा लावला. "गावाकडच्या माळवदात तीस वर्षं आतल्या खोलीत झोपली. तिथं कुठं खिडकी होती?"

माई पहिल्यांदाच बोलल्या. "सानं होतं की वर. दिवस कळायचा." सानं म्हणजे माळवदाच्या छतातला उजेडाचा झरोका.

आणि त्यावर सूनबाईंना आठवलं. दोन वर्षांपूर्वी कंबरेच्या एमआरआयला माईंना लातूरला नेलं होतं. मशीनमध्ये घातल्यावर निम्म्यातच त्यांनी हाका मारल्या, जीव घुसमटतोय म्हणून बाहेर काढायला लावलं, आणि तपासणी नंतर झोपेचं औषध देऊन करावी लागली. हे सगळ्यांना माहीत होतं. बिनखिडकीच्या खोलीशी त्याचा संबंध तोवर कुणी जोडला नव्हता, कारण बुकिंगच्या दिवशी माई आल्याच नव्हत्या. "तुम्ही ठरवा, मला काय कळतंय त्यातलं" म्हणून त्या घरी थांबल्या होत्या. ज्या माणसाचा खोलीत सगळ्यात जास्त वेळ जाणार, तेच माणूस निर्णयाच्या वेळी नव्हतं. असं आमच्याकडं फार वेळा होतं, आणि जवळपास प्रत्येक वेळी ते माणूस घरातली बाई असते.

बिनखिडकीच्या खोलीत दिवा घालवला की हात दिसत नाही इतका काळोख होतो. कित्येकांना तीच झोप आवडते. अण्णांना प्रोस्टेटमुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्यावर उपाय बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवण्याचा, ज्याला पैसे पडत नाहीत. माईंच्या घुसमटीवर तसा फुकटचा उपाय नव्हता.

तोललेले पर्याय

काहीच न करणं हा पर्याय एमआरआयची गोष्ट निघाल्यावर मागे पडला. ऑफर जशीच्या तशी घेणं, २७,००० मध्ये, म्हणजे ज्या तिघांना खिडकी नको त्यांच्यासाठी १५,००० भरणं आणि माईंना जहाजाच्या नाकावर पाठवणं. बाल्कनीबद्दल मुलाचा आग्रह शेवटपर्यंत होता. मोकळी हवा, बसायला जागा, दिवसा सगळ्यांनी तिथं जमायचं, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण जहाज चालू असताना वारा बोचतो, नोव्हेंबरातही दुपारचं ऊन तापतं, आणि उपलब्ध बाल्कन्या सगळ्या मागच्या टोकाला होत्या. ५८,००० मध्ये पुन्हा तोच हेलकावा.

चौथा पर्याय कंपनीनं दिलाच नव्हता, तो मागावा लागला. आहे त्याच मजल्यावर, मध्यावर, खिडकीची एखादी खोली आहे का? होती. मात्र खिडकी गोल, लहान, पाण्याच्या बरीच जवळ. ती उघडत नाही, आणि समुद्र फार खवळला तर अशा खिडक्यांवर लोखंडी झाकण लावतात, हे आम्ही आधीच सांगितलं. दरपत्रकात ती मोठ्या खिडकीच्या खालच्या दर्जात येते. फरक माणशी ४,०००.

काय केलं

फक्त अण्णा-माईंची खोली बदलली, ८,००० आणि कर भरून. मुलाची खोली बिनखिडकीचीच ठेवली, पण नंबर बदलून बोळीच्या पलीकडं बरोबर समोरची घेतली, एक खिडकी दोन्ही खोल्यांना पुरेल या अंदाजानं. जहाजात बहुधा बोळीच्या एका अंगाला खिडकीच्या खोल्या आणि दुसऱ्या अंगाला आतल्या असतात, त्यामुळे हे जमून गेलं.

पैसे भरण्याआधी खोलीचा नंबर ईमेलवर मागून घेतला, मजल्यांच्या नकाशावर तो शोधला आणि वर-खाली काय आहे ते पाहिलं. वर खोल्या, खालीही खोल्या. वर पोहण्याचा तलाव असता तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज आला असता. वर किंवा खाली नाचगाण्याचा हॉल असता तर रात्री दोनपर्यंत ढोल. शेजारच्या खोलीला जोडणारं मधलं दार नाही, हेही पाहिलं. अशा दारातून पलीकडचं सगळं ऐकू येतं. डावी बाजू मिळाली ती योगायोगानं.

प्रवासातल्या मळमळीच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारायला लावलं. अ‍ॅव्होमिन घरोघरी असते, पण त्यातल्या प्रोमेथाझिननं लघवी अडकू शकते. अण्णांच्या प्रोस्टेटमुळे डॉक्टरांनी त्यांना ती घेऊ नका असंच सांगितलं. त्यांच्यासाठी सूनबाईंनी आलेपाक बांधून घेतला.

काय घडलं

लातूर-मुंबई एक्सप्रेसनं मंडळी सकाळी सीएसएमटीला उतरली. बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, तिथून टॅक्सीनं काही मिनिटांवर. संध्याकाळी जहाज सुटलं.

पहिल्या रात्री माईंनी पडदा उघडा ठेवला आणि झोपल्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास गोल खिडकीतून सूर्य दिसला, पाणी मात्र बेसिनमध्येच सोडावं लागलं. ही खिडकीची एकुलती एक सूर्यपूजा. पुढच्या दोन्ही सकाळी त्या डेकवर गेल्या. जाऊ शकल्या, कारण लिफ्ट जवळ होती. घरी आल्यावर त्यांनी खिडकीचं जेवढं कौतुक केलं त्याहून जास्त लिफ्टचं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज थोडं डोलायला लागलं आणि मळमळ झाली ती नातीला. बिनखिडकीच्या खोलीत भिंती स्थिर दिसतात आणि कानातला तोल मात्र हलतंय म्हणून सांगत राहतो. दोघांचं जुळत नाही आणि पोट ढवळतं. सूनबाईंनी तिला समोरच्या खोलीत नेऊन खिडकीपाशी क्षितिजाकडं बघत बसवलं, मग डेकच्या मधल्या भागात. तासाभरात ती भेळ मागायला लागली. एक खिडकी दोन खोल्यांना पुरते, हा अंदाज इथं खरा ठरला.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी, आणि ती खोलीची नव्हती. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, भोवतीचं खाजण उथळ. मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवून नेतात. बोट लाटेबरोबर वर-खाली होते, आणि ती वर आली की पाय टाकायचा. खलाशी दोन्हीकडून धरतात, पण पाय स्वतःच टाकावा लागतो. माईंनी ते एकदा पाहिलं आणि मागं फिरल्या. अण्णा त्यांच्याबरोबर थांबले. मुलगा-सून-नात बेटावर गेले.

सकाळी साडेआठ ते दुपारी तीन, जहाज निम्म्याहून रिकामं, अण्णा आणि माई दोघंच. पहिले दोन तास डेकवर सावलीत, मग ऊन वाढलं तसे खाली. माई पडून राहिल्या, अण्णा खिडकीखाली बसून आणलेला दिवाळी अंक वाचत होते. खिडकीतून हिरव्या-निळ्या पाण्याची पट्टी आणि तिच्यापलीकडं माडांची रेघ दिसत होती. ज्या खिडकीला अण्णांनी सगळ्यात जास्त विरोध केला, ती त्या दिवशी त्यांनीच सगळ्यात जास्त वापरली. बेटाच्या सहलीचे दोघांचे पैसे आगाऊ भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत. ती रक्कम खिडकीच्या फरकापेक्षा मोठी होती.

वेगळं काय करता आलं असतं

खोलीवर दोन दिवस खल झाला, मार्गावर पाच मिनिटंसुद्धा नाही. दरपत्रकात लक्षद्वीपचं चित्र सगळ्यात निळं होतं, तेच ठरलं. माईंच्या गुडघ्यांसाठी विचारायला हवं होतं ते आधी हे, की जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहतं. गोव्यातल्या मुरगावला किंवा कोचीला जहाज धक्क्याला लागतं, शिडीवरून थेट जमिनीवर पाय टाकता येतो, चाकाची खुर्चीही उतरवता येते. गोव्याचा मार्ग घेतला असता तर माई फिरून आल्या असत्या, आणि मग दुपारच्या दोन तासांपुरती आठ हजारांची खिडकी लागलीच असती का, याबद्दल आमच्या कार्यालयातच दोन मतं आहेत. मला वाटतं, लागली असती. एमआरआयमधून बाहेर आलेल्या माणसाला दोन तासही पुष्कळ असतात. माझ्या सहकाऱ्याला वाटतं, दुपारची विश्रांती डेकवरच्या आरामखुर्चीत भागली असती.

बाल्कनीचा वाद मुलानं परतल्यावर पुन्हा काढला. बेटाच्या दिवशी आई-बाबा खोलीत बसून होते, तेव्हा बाल्कनी असती तर? त्याच्या जागी मीही तसंच म्हटलं असतं. पण ते सहा-सात तास वगळले तर बाल्कनीत बसायला कुणाला सवड होती, हे त्याला सांगता आलं नाही. दिवसभर सगळे नवव्या-दहाव्या मजल्यावरच होते. बेटाच्या दिवसापुरते ५८,००० देण्यापेक्षा, तो दिवसच येणार नाही असा मार्ग निवडणं स्वस्त होतं.

आणखी एक. कंपनीच्या पहिल्या फोनला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर आहे, असं कुटुंबानं धरलं होतं. दोन दिवसांची मुदत खरी असो वा नसो, तिच्यामुळे "दुसरं काय आहे?" हा प्रश्न सुचत नाही. माणशी ४,००० वाली खोली त्या फोनच्या वेळीही रिकामीच होती, फक्त कुणी विचारली नव्हती. बुकिंगच्या पहिल्याच दिवशी ती मागितली असती, तर समोरासमोरच्या खोल्यांसाठी नंतर करावी लागलेली ओढाताणही वाचली असती.

आता आमच्याकडं ज्येष्ठ माणसं असली की खोलीच्या आधी तीन गोष्टी विचारतो: हलत्या बोटीत पाय टाकता येईल का, बंद लिफ्टमध्ये किंवा तपासणीच्या मशीनमध्ये कधी घुसमटलंय का, आणि दुपारी कुठं पडायची सवय आहे. आणि उत्तर त्या माणसाच्याच तोंडून घेतो, मुलाच्या नाही.

या कुटुंबाचा गोव्याचा बेत दिवाळी २०२५ साठी ठरत आला होता, धक्क्याला लागणारं जहाज, पुन्हा मधली खोली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेतातलं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि बेत पुढच्या वर्षावर ढकलला आहे. माई मध्ये एकदा कार्यालयात येऊन बसल्या, गुडघ्याच्या ऑपरेशनला किती दिवस लागतात ते विचारून गेल्या.